‘चालेल’ला चार

नोटीस वाफेच्या खोलीच्या दारावरच लावली होती. लावणाऱ्यानं चिकटपट्टी अशी मारली होती की ‘बंद’ हा शब्द अर्धा झाकला गेला होता. मुद्दाम नसेल, पण या लोकांच्या बाबतीत ‘मुद्दाम नसेल’ म्हणणं मी आता सोडून दिलंय.

खोलीचं कागदोपत्री नाव बालश्वसन कक्ष. कुरुंडीत तसं कुणी म्हणत नाही. नगरपालिकेच्या दवाखान्यात औषधांच्या खिडकीला लागून दहा बाय बाराची खोली, दोन नेब्युलायझर, एक ऑक्सिजनचा सिलिंडर, एक मुलांचे डॉक्टर आणि मुजावर सिस्टर. पोराला धाप लागली की इथं आणायचं, मास्क लावून वाफ द्यायची, वीस मिनिटांत पोर माणसात येतं. आमच्या दारापासून चालत चार मिनिटं. पर्णीला, म्हणजे माझ्या साडेतीन वर्षांच्या मुलीला, कडेवर घेऊन पळत गेलं तर अडीच. मी मोजलेली आहेत. मी सगळंच मोजते. पर्णी झोपलेली असली की तिच्या पोटावर नजर ठेवून मिनिटाला श्वास किती ते मोजते. तीसपर्यंत मी भाजी चिरत राहते. चाळीस झाले की चप्पल घालते.

नोटिशीत लिहिलं होतं की एक तारखेपासून हा कक्ष बंद होऊन त्या जागी दूरतपासणी केंद्र सुरू होईल. म्हणजे लांबचा डॉक्टर दाखवणारा एक पडदा आणि एक खुर्ची. गरजू बालकांना सव्वीस किलोमीटरवरच्या जिल्हा रुग्णालयात पाठवण्यात येईल. खाली जाड अक्षरांत : ‘कुरुंडीतील ८१ टक्के मातांनी या बदलास संमती दिली आहे. जनमत अहवाल : ब्रॅमवेल-ओस्ट.’

“सिस्टर, हे कुणाला विचारून?”

मुजावर सिस्टर बेसिनपाशी मास्क धूत होत्या. “तुमालाच इचारून की. शंभरातल्या एक्क्याऐंशी आया हो म्हणाल्यात म्हणं.”

“मला नाही विचारलं.”

“मला बी न्हाई. पण माझी पोरं मिशावाली झाली, मला कोण आईत धरतंय.”

बाकावर भारती आवटी बसली होती, मांडीवर आठ महिन्यांचं बाळ. तिला विचारलं, “तुला विचारलं का गं कुणी?”

“न्हाई बा,” ती म्हणाली. “माझ्या छायेला इचारलं असंल.”

पार्सल शेजारी देऊन गेले असतील, असं म्हणावं तितक्या सहज म्हणाली.

*

ही कंपनी मला माहीत आहे. पर्णी व्हायच्या आधी मी तिथं नोकरीला होते, तिची वाढ मी आतून पाहिलीय. आणि सांगायला जीभ रेटत नाही, पण त्या वाढीला थोडं खतपाणी मीही घातलंय.

कुठल्याशा थंड बंदरात ब्रॅमवेल नावाचा माणूस दारोदार जाऊन बायकांना विचारायचा, साबण कुठला वापरता. आणि ओस्ट नावाचा दुसरा खोलीत बसून उत्तरं मोजायचा. तेवढीच कंपनी. काम प्रामाणिक होतं. रक्त तपासायला अंगातलं सगळं रक्त काढावं लागत नाही, सुईभर पुरतं. तसं कोटभर लोकांचं मत कळायला हजार-बाराशे माणसं पुरतात. अट एकच, माणसं आपल्या सोयीनं निवडायची नाहीत आणि ती जे बोलतील तेच लिहायचं. साबणावरून चहा, चहावरून मोटारी, मोटारींवरून निवडणुका, असं करत ब्रॅमवेल-ओस्ट अकरा देशांत पोचली आणि एक दिवस कुरुंडीत सायकलच्या दुकानावर तिची पाटी लागली. मी तेव्हा स्टॅटिस्टिक्स घेऊन बीएस्सी झाले होते. पाटीखाली मला खुर्ची मिळाली.

गावात आम्हाला ‘बामवाले’ म्हणायचे. दार वाजवून “ब्रॅमवेलमधून आलोय” म्हटलं की आतून हाक यायची, “अगं, बामवाली आलीया, गुडघ्याचं हाय का इचार.” प्रश्नावलीत उत्तरासाठी पाच खाने असत : पूर्णपणे सहमत, काहीसे सहमत, तटस्थ, काहीसे असहमत, पूर्णपणे असहमत. अनुक्रमे पाच ते एक गुण. आता मला सांगा, ‘मी याबाबत काहीशी असहमत आहे’ असं बोलणारा जिवंत मराठी माणूस तुम्ही पाहिलाय का? लोक म्हणायचे, बघू. तुमचं काय ते लिहा. आता काय म्हणायचं. आणि सगळ्यांत जास्त वेळा म्हणायचे, चालेल.

या सगळ्याला आकडे द्यायचे होते. मराठीची संकेतपुस्तिका करायचं काम माझ्याकडं आलं. माझ्या वर वैदेही सरपोतदार. तेव्हा मी तिला वैदेहीताई म्हणायचे आणि ती माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी खायची.

“‘चालेल’ला किती द्यायचे, ताई?”

“चार. काहीसे सहमत.”

“पण परवा त्या कुंभोजे आजी म्हणाल्या बघा, मुलगा घर विकू म्हणतोय, चालेल. तोंड दुसरीकडं करून म्हणाल्या. मी दोन देईन.”

“तोंड कुठं केलं त्याला रकाना नाही, शर्वरी.”

तीन दिवस मी दोनसाठी भांडले. ‘चालेल’ म्हणजे संमती नव्हे, ‘चालेल’ म्हणजे तुमच्याशी वाद घालायची माझी ताकद नाही किंवा इच्छा नाही, असं एक पानभर टिपण लिहिलं. शनिवारी संध्याकाळी पुस्तिका पाठवायची होती. तेव्हा मी माहेरच्या गावाहून ये-जा करायचे, माझी साडेपाचची एसटी होती. मी ‘चालेल’ला चार दिले आणि पर्स उचलली.

पुढच्या दोन वर्षांत कुरुंडी शाखेचे आकडे बघून मुख्य कचेरीतल्या लोकांचे डोळे चमकले. जगात कुठंही काही विचारलं तर निम्मे लोक तक्रार करतात. इथले लोक टोल वाढवू म्हटलं तरी सत्तर-ऐंशी टक्के राजी. गिऱ्हाईक खूश. मग त्यांनी शोध लावला की असा शब्द प्रत्येक भाषेत असतो. न भांडता सोसण्याचा शब्द. त्यांनी तो प्रत्येक भाषेतून हुडकून काढला, प्रत्येकाला चार गुण दिले, आणि या पद्धतीला नाव दिलं ‘कुरुंडी श्रेणी’. आमच्या गावाचं नाव जगात गाजलं ते असं. अकराचे एकेचाळीस देश झाले. ज्याचे आकडे गिऱ्हाइकाला आवडतात त्याचा धंदा वाढतो. या कंपनीच्या वाढीत याहून जास्त शास्त्र नाही.

*

छायेत मात्र शास्त्र आहे, ते सांगते.

लोक दारं उघडेनासे झाले, फोन उचलेनासे झाले. शंभर जणांना विचारावं तर चार बोलायचे. तेव्हा कंपनीतल्या कुणाच्या तरी लक्षात आलं की माणसाची चाळीस उत्तरं माहीत असली तर एकेचाळिसावं बरंचसं ओळखता येतं. जी बाई सुटं तेल घेते, मुलाला मराठी शाळेत घालते आणि मंगळवारी उपवास करते, ती अमुक बातमीवर काय म्हणेल हे तिच्यासारख्या लाखभर बायकांच्या उत्तरांतून गणितानं काढता येतं. जुन्या मुलाखती, दुकानांतली खरेदी, रेशन, फोनवर बोट कुठं थांबतं आणि कुठं पुढं सरकतं, हे सगळं एकत्र करून त्यांनी प्रत्येक प्रौढ माणसाचं एक उत्तर देणारं प्रतिरूप बनवलं. तीच छाया. तिला दिवसाला दहा हजार प्रश्न विचारा, ती दार लावत नाही, पोळी करपतेय म्हणत नाही. सुरुवातीला दहातली नऊ उत्तरं खऱ्या माणसाशी जुळली. मग कायदाच झाला की सार्वजनिक सोयीत बदल करायचा तर बाधित लोकांचं मत घ्यावं, आणि छायेचं मत हे मत धरावं. अर्ज, मोर्चे, सभेतली भाषणं ही ‘अनौपचारिक अभिव्यक्ती’. त्यांना रकाना नाही.

गोम इथं आहे. खऱ्या माणसांना विचारणं बंद झाल्यावर नव्या छाया जुन्या छायांच्या उत्तरांवर पोसल्या गेल्या. ज्या छायेला कुठं काय बोलावं ते कळत नव्हतं ती शेजारच्या छायांसारखं बोलायची. आणि शेजारच्या छाया, माझ्या त्या शनिवारच्या कृपेनं, राजी होत्या. दरवर्षी संमती एखाद-दोन टक्क्यांनी वाढत गेली. लोक सुखी होत चाललेत, असं त्याचं कारण अहवालात दिलेलं असे.

*

आपल्या छायेची उत्तरं पाहायचा हक्क प्रत्येकाला आहे. कुणी बजावत नाही. मी त्या दुपारी बजावला. पर्णी खाली चटईवर चमचे मांडत होती, मी फोन घेऊन बसले.

गेल्या वर्षात माझ्या छायेनं तीन हजार एकशे बारा उत्तरं दिली होती. बालश्वसन कक्ष हलवणे : चालेल. बालवाडीत एका बाईंमागं चाळीस मुलं : चालेल. पाणी दिवसाआड : चालेल. मी वाचत गेले आणि मला त्या बाईचा संताप यायला लागला. तिला पाठीचा कणा नव्हता, आणि तो मीच काढून घेतलेला होता. शेवटी शेवटी एक वेगळा विभाग लागला, ‘घरमत’. घरच्या माणसांनी छायेला विचारलेले प्रश्न. त्याचं ॲप आमच्याकडं आहे हे मला माहीत होतं. सासूबाईंना कुठली भाजी चालेल एवढ्यापुरतं आहे असं मी समजत होते.

अभिनंदन सूतगिरणीतून आला, चहा घेतला, मग मी विषय काढला. माझा नवरा वाईट नाही. त्याला कटकट नको असते, एवढंच.

“अभि, दुसरं मूल हवंय का, हे तू माझ्या छायेला विचारलंस?”

त्यानं कप खाली ठेवला. “सहज विचारलं गं.”

“मला का नाही?”

“तुला विचारलं की तू पर्णीचे श्वास सांगतेस. तिनं नीट उत्तर दिलं.”

“काय दिलं?”

“चालेल म्हणाली.” मग त्यानं सारवासारव केली, “मी फक्त आईच्या कानावर घातलं होतं.”

तेव्हा मला कळलं, सासूबाई महिनाभर मला ताटात आग्रहानं तूप का वाढत होत्या.

“आई,” मी आत वळून म्हणाले, “मी असं काही म्हटलेलं नाही.”

“मग कोन म्हनालं?” सासूबाई दारात आल्या. “अभ्यानं दाखिवलं की मला, तुझं नाव हुतं त्यावर. लिवलेलं खोटं आसतंय व्हय?”

अभिनंदननं टीव्ही लावला. माझ्याशी भांडण्यापेक्षा छायेशी संसार करणं सोपं, हे त्याला केव्हाच उमगलेलं होतं. आणि दवाखान्याचं? ते मी काढलं तेव्हा तो म्हणाला, “सव्वीस किलोमीटर म्हणजे काय लांब आहे. गाडी आहे की.” गाडी तो सकाळी साडेसातला घेऊन जातो.

*

दुसऱ्या आठवड्यात पर्णीला सासूबाईंकडं सोडून, मुजावर सिस्टरांचा नंबर फोनशेजारी मोठ्या अक्षरांत लिहून, मी पुण्याला गेले. वैदेही आता आशिया विभागाची प्रमुख आहे. बाणेरला बारावा मजला. भिंतीवर जगाचा नकाशा, एकेचाळीस दिवे.

“ताई,” मी म्हटलं.

“नुसतं वैदेही म्हण गं. इथं सगळे तसंच म्हणतात.” जिनं माझ्या डब्यातली चटणी बोटानं चाटून खाल्ली होती ती आता काचेच्या पेल्यातून काकडीचं पाणी पीत होती.

मी सांगितलं. नोटीस, छाया, ‘चालेल’. “ते चार चुकीचे आहेत. तुला तेव्हाही माहीत होतं, मलाही. दोन करा.”

“मग आजवरचे सतराशे अहवाल रद्द करू? धरणं, रस्ते, विमानतळ? एकेचाळीस देशांत?” तिला राग आला नव्हता. लहान मुलाचं ऐकावं तसं ऐकत होती. “आणि चुकीचे कसे? आम्ही पडताळणी करतो ना. खऱ्या माणसांना फोन करून विचारतो, छायेनं हे बरोबर सांगितलं का. चौऱ्याण्णव टक्के लोक बरोबर म्हणतात.”

“काय म्हणतात नेमकं?”

तिनं टेबलावर बोट फिरवलं. “तुझंच ऐकवते.”

खोलीत माझा आवाज आला. आठ महिन्यांपूर्वीचा. मागं कुकरची शिट्टी, पर्णीचा खोकला. एक मऊ आवाज विचारत होता, “शर्वरीताई, आपल्या परिसरातील आरोग्यसेवांच्या फेररचनेबाबत आपल्या छायेनं सहमती नोंदवली आहे. योग्य आहे ना?” आणि मी, दुसऱ्याच कशाकडं तरी बघत असल्यासारखी : “हो हो, चालेल. ठेवू का?”

मला तो फोन आठवतसुद्धा नव्हता. खोकला मात्र आठवला. तेव्हा छत्तीस श्वास होते.

“बघ,” वैदेही म्हणाली. “आम्ही कुणाच्या तोंडात शब्द घालत नाही.” मग ती पुढं झुकली, आवाज जुना केला. “तुझी अडचण कळतेय मला. घरी वापरायचं नेब्युलायझर देते, ऑक्सिजनचं छोटं यंत्र देते, इथला एक चांगला डॉक्टर चोवीस तास फोनवर. कंपनीतर्फे, जुन्या सहकाऱ्यासाठी. फक्त गावात गवगवा नको.”

मी लगेच नाही म्हटलं नाही. खोटं कशाला सांगू. मनात ते यंत्र मी स्वयंपाकघरात, फ्रिजशेजारी ठेवूनही पाहिलं. मग भारती आवटीचं आठ महिन्यांचं बाळ डोळ्यांपुढं आलं, आणि हेही आलं की यंत्र घरी असलं तरी ते कुठल्या क्षणी अपुरं पडतंय, हे ओळखणाऱ्या मुजावर सिस्टर घरी नसणार.

“पडताळणी पुन्हा व्हायची असेल ना, अंतिम अहवालाआधी?” मी विचारलं.

तिच्या चेहऱ्यावरचं हसू किंचित आटलं. नियम तिनंच लिहिलेले होते, सांगणं भाग होतं. कुरुंडीतल्या दोनशे आयांना चिठ्ठ्या टाकून निवडणार. तीन आठवड्यांनी फोन सुरू होणार, पाच दिवस चालणार. त्यांतल्या वीस जणींनी स्पष्ट नकार दिला की अहवाल रद्द, खोली जागच्या जागी. स्पष्ट म्हणजे ‘नाही’ हाच शब्द. उत्तर तीनदा विचारूनही कळलं नाही तर छायेचं मत कायम.

“वीस फार नाहीत,” मी उठले.

“शर्वरी,” ती म्हणाली, आणि यात तिरस्कार नव्हता, नुसती माहिती होती, “एकेचाळीस देशांत अजून कुठंच वीस भरलेले नाहीत.”

*

कुठल्या दोनशे, हे आधी कळत नाही. म्हणून सगळ्यांकडंच जायचं होतं. मी, भारती आणि आणखी तिघी, एकोणीस दिवस दारोदार फिरलो. कामाची सवय अंगात होती. पदर खोचून आलेल्या बाईला पहिल्या वाक्यात काय सांगायचं, हे मी विसरले नव्हते.

खोली बंद होऊ नये, यावर प्रत्येकीचं एकमत होतं. प्रत्येकीच्या घरचं एखादं पोर तिथं वाफ घेऊन आलेलं होतं. अडचण वेगळीच निघाली. त्यांना ‘नाही’ म्हणता येत नव्हतं.

“समजा, मी फोनवरची बाई,” मी म्हणायची. “छायेनं हो सांगितलंय, बरोबर आहे ना? आता बोला.”

“बगू म्हनू का?”

“बघू नको. नाही म्हणा.”

“तसं काय न्हाई, पन आता खोली आसती तर बरं झालं आसतं, असं म्हनते.”

“वहिनी, एकच शब्द. नाही.”

“आवो, ती बिचारी कामाची मानूस. तिच्या तोंडावर कसं म्हनायचं?”

“ती माणूस नाहीये. यंत्र आहे.”

“मग तर काय, यंत्राला काय कळतंय, त्येला कशाला दुखवा.” आणि कोपऱ्यातून त्यांची जाऊ, अगदी मनापासून : “न्हाई म्हटलं तर चालंल न्हवं?”

बायका खदखदून हसल्या. मीही हसले, आणि घरी येताना मला रडू आलं. जन्मभर सासरी, माहेरी, कचेरीत, रांगेत, ज्यांना ‘नाही’ हा शब्द तोंडाबाहेर काढू दिला नाही त्या बायकांकडं या लोकांनी एकच कुलूप ठेवलं होतं, आणि त्याची किल्ली हाच शब्द. हे माहीत असल्याशिवाय असा नियम कुणी लिहीत नाही.

पडताळणी सुरू झाली. पारदर्शकता म्हणून पालिकेच्या फलकावर आकडा ताजा दिसायचा. पहिल्या दिवशी तीन नकार. दुसऱ्या दिवशी चार. तिसऱ्या दिवशी एकच, त्या दिवशी एक बाई मला येऊन म्हणाली, “येवढी ग्वाड बोलली वो ती, म्हनलं तोडून कशाला बोलायचं.” मी साडेपाचची एसटी पकडली होती, हिला काय बोलणार. चौथ्या दिवशी सहा. पाचव्या दिवशी दुपारी तीन वाजता फलकावर होतं : फोन १९६, नकार १९.

*

साडेतीनला पर्णीची धाप सुरू झाली. सकाळपासून सर्दी होती. बत्तीस, छत्तीस, आणि मग बरगड्यांमधली कातडी आत ओढली जायला लागली. मी अडीच मिनिटांत दवाखान्यात होते.

मुजावर सिस्टरांनी औषध भरलं, मास्क लावला, यंत्र सुरू केलं. जुनं यंत्र, चक्कीसारखं घरघरतं. पर्णी माझ्या मांडीवर, तिच्या मुठीत माझी करंगळी. मास्कमधून वाफ निघायला लागली.

तेव्हा फोन वाजला.

“नमस्कार, शर्वरीताई. बालश्वसन कक्ष हलवण्याबाबत आपल्या छायेनं सहमती दिली आहे. योग्य आहे ना?”

“नाही,” मी म्हणाले.

“क्षमस्व, आवाज स्पष्ट आला नाही. योग्य आहे ना?”

“नाही. नाही.” यंत्र घरघरत होतं. मी फोन ओठांना चिकटवला होता.

सिस्टरांना कळलं. त्यांनी दाराकडं हात केला. “तुमी भाईर जावा. म्या हाय हितं.”

मी उठायला गेले. करंगळी सोडवायला गेले तशी पर्णी घाबरली, रडायला लागली, आणि रडली की तिचा श्वास अडकतो. ओठांच्या कडा निळसर दिसल्या. सिस्टरांचा हात यंत्राच्या बटणावर होता. त्या माझ्याकडं बघत होत्या. बंद करू का, असं तोंडानं विचारायची त्यांची छाती नव्हती, आणि तोंडानं हो म्हणायची माझी. दहा सेकंद पुरली असती. दहा सेकंदांत पर्णीचे किती श्वास होतात, ते माझ्याइतकं कुणाला माहीत नाही.

मी मान हलवली. नको. परत खाली बसले, करंगळी तिच्या मुठीत दिली.

“क्षमस्व. तिसऱ्यांदा विचारत आहे. योग्य आहे ना?”

“नाही,” मी म्हणाले, घसा फाटेपर्यंत. दारातल्या बायकांना ऐकू गेलं. औषधांच्या खिडकीतला माणूस वळून बघायला लागला.

“उत्तर समजू शकलं नाही. आपल्या छायेचं मत कायम ठेवत आहोत. आपला वेळ दिल्याबद्दल आभार.”

यंत्र चालूच होतं. वीस मिनिटांनी पर्णीचा श्वास अठ्ठावीसवर आला आणि तिनं मास्कमधल्या वाफेकडं बघून विचारलं, “ढग का?” उरलेले तीन फोन संध्याकाळपर्यंत झाले. एकीनं उचलला नाही. एक लग्नात होती. एक बघू म्हणाली.

*

खोली एक तारखेला बंद झाली. पडदा आणि खुर्ची आली. मुजावर सिस्टरांची बदली जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर झाली. सव्वीस किलोमीटरला सत्तेचाळीस मिनिटं लागतात, रेल्वेचं फाटक लागलं तर अठ्ठावन्न. पर्णीची त्या दिवशीची धाप पंचवीस मिनिटांत हाताबाहेर गेली असती.

म्हणून मी जिल्ह्याच्या गावी, रुग्णालयासमोरच्या गल्लीत एक खोली घेतली आणि तिला घेऊन इथं आले. एका शाळेत गणित शिकवते. चालत तीन मिनिटं. अभिनंदन रविवारी येतो, बसतो, पर्णीला फुगा आणतो. सासूबाई येत नाहीत. सून घर सोडून गेली असं त्यांना वाटतं, आणि ते खरंच आहे. ब्रॅमवेल-ओस्टच्या नकाशावर परवा बेचाळिसावा दिवा लागला. कुरुंडीतल्या आयांची समाधानाची टक्केवारी शहाऐंशी झाल्याचं त्याच बातमीत होतं.

माझी छाया इकडच्या पत्त्यावर हलवा, असा अर्ज मी केला होता. उत्तर आलं की स्थलांतराबाबत छायेचं मत विचारण्यात आलं, तिला कुरुंडीतच राहायचं आहे. तेव्हा ती तिथंच आहे. माझ्या घरात, माझ्या नवऱ्याबरोबर, माझ्या सासूच्या हातचं तूप खात. तिचं सगळं छान चाललंय. तिलाही साडेतीन वर्षांची मुलगी आहे, नोंद आहे तशी. त्या मुलीला कधी धाप लागत नाही.